१२० लिटरची प्रवाळटाकी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षे सांभाळल्यानंतर आठ महिन्यांपूर्वी मी घरात खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडली. टाकी १२० लिटरची असून तीत वाळू, सच्छिद्र खडक, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र), हीटर, दोन पॉवरहेड (पाण्यात प्रवाह निर्माण करणारे छोटे पंप) आणि एक एलईडी दिवा एवढेच साहित्य आहे. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी आणि झोअँथिड व मशरूम ही मऊ प्रवाळे सध्या तीत नांदत आहेत.

पहिले पाच आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर रुजेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. त्यानंतर वाळूवर तपकिरी थर चढला, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा होता आणि तीन आठवड्यांत आपोआप गेला. त्यासाठी आणलेले औषध न उघडताच पडून आहे, हे बरेच झाले.

खरी परीक्षा घेतली ती मिठाने. पाणी उडते, मीठ उडत नाही. त्यामुळे पातळी बोटभर खाली गेली तरी उरलेले पाणी अधिक खारट झालेले असते आणि भर घालताना खारे पाणी नव्हे, तर आरओ-डीआयचे, म्हणजे गाळून क्षार काढलेले शुद्ध पाणीच घालावे लागते. माझ्या टाकीतून रोज सुमारे दीड लिटर पाणी उडते. सुरुवातीला काचेवर पट्टी चिकटवून मी हाताने भर घालत असे. पुढे स्वयंचलित यंत्रणा बसवली. ती उपयुक्त आहे, मात्र एकदा गोगलगाय नेमकी तिच्या प्रकाश-संवेदकावर जाऊन बसली आणि पाणी पुरेसे आहे असे समजून यंत्रणा दिवसभर गप्प राहिली. आता संवेदकाभोवती जाळी आहे.

तिसऱ्या महिन्यात झोअँथिड मिटले. एरवी चकतीसारखे पसरणारे त्यांचे तोंड दहा-बारा दिवस मुठीसारखे आवळलेले होते. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे अगदी समुद्राइतकी क्षारता दाखवत असल्याने मी दिव्यावर, प्रवाहावर, अगदी कोळंबीवरही संशय घेतला. शुद्ध पाण्याच्या थेंबावर उपकरण बरोबर शून्य दाखवते, म्हणजे पुढेही बरोबरच दाखवत असणार, हा माझा समज चुकीचा होता. ३५ पीपीटीचे प्रमाणित द्रावण आणून त्याचा थेंब काचेवर टाकला, तेव्हा निळी रेषा ३२ वर थांबली. टाकीतले पाणी प्रत्यक्षात ३८ च्या आसपास गेले होते! एकदम उतरवण्याऐवजी रोज दीड लिटर पाणी काढून तेवढेच शुद्ध पाणी घालत सहा दिवसांत ते खाली आणले. आठव्या दिवशी सकाळी कडेच्या दोन झोअँथिडांनी तोंड उघडलेले दिसले. ते द्रावण मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते.

हीटरचीही तीच गत. त्याच्या बटणावर २६ अंश लावले, तर स्वतंत्र थर्मामीटर साडेसत्तावीस दाखवतो, म्हणून आता मी बटणाकडे पाहतच नाही. स्किमरबद्दल तक्रार नाही. पहिला आठवडा त्याने नुसते बारीक बुडबुडे टाकीभर सोडले, नंतर पेल्यात गडद, दुर्गंधीयुक्त पाणी साचू लागले आणि तेच त्याचे काम आहे. रात्रीच्या शांततेत त्याची घरघर मात्र जाणवते. दिवा पूर्ण ताकदीने लावल्यावर मशरूम आक्रसले. ४० टक्क्यांवर आणल्यावर ते पसरले. झोअँथिडांच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, त्यामुळे ते हाताळताना हातमोजे आणि चश्मा मी टाळत नाही. ते चिकटलेला खडक घासणे किंवा उकळणे तर मुळीच करू नये.

आठवड्याला १२ लिटर पाणी बदलणे आणि अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) मोजणे एवढा दिनक्रम पाचव्या महिन्यापर्यंत पुरला. त्यानंतर खडकावर कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके उमटले, तेव्हा आनंद झाला खरा. पण हे शेवाळही कॅल्शियम कार्बोनेटचा थर रचत असल्याने अल्कलिनिटी आठवड्याभरात ८.५ वरून ७.८ डीकेएचवर (हे अल्कलिनिटीचे एकक) येऊ लागली. सध्या पाण्यात अल्कलिनिटीची भर घालण्याचे प्रमाण जुळवतो आहे. आकडा सलग दोन महिने स्थिर राहिल्याखेरीज कठीण प्रवाळाचा पहिला तुकडा आणायचा नाही, असे ठरवले आहे.