सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी अॅक्युपंक्चर : आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे प्रामुख्याने दोन्ही पायांत ताठरपणा असलेली सेरेब्रल पाल्सी आहे. फिजिओथेरपी आणि घोट्याचे स्प्लिंट चालू ठेवूनच आम्ही आठ महिने अॅक्युपंक्चर घेतले. मेंदूला झालेली इजा सुयांनी भरून येत नाही, हे त्याच्या डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते; पोटऱ्यांचा ताण थोडा उतरला तर व्यायाम सोपा जाईल, एवढीच आमची अपेक्षा होती.

पहिले तीन आठवडे भीती घालवण्यातच गेले. सुई जेमतेम 0.16 मिलिमीटर जाडीची असली, तरी इंजेक्शनांना कंटाळलेल्या मुलाला ते कसे पटावे? तो रडून अंग आखडून घेई आणि ताठरपणा उलट वाढे. उपचार करणाऱ्या बाईंनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आधी नुसता बोटाने दाब, मग एकच सुई, असे करत त्या गुडघ्याखालच्या ‘झुसानली’ बिंदूपर्यंत आणि पुढे डोक्यावरच्या सुयांपर्यंत पोहोचल्या. डोक्यावरची सुई कवटीत जात नाही, त्वचेखाली तिरपी सरकवतात, हे पाहिल्यावर माझाही जीव भांड्यात पडला.

सत्रानंतर दोन-तीन तास त्याची टाच जमिनीला सहज टेकते, हे दुसऱ्या महिन्यात लक्षात आले. म्हणून फिजिओथेरपीची वेळ बदलून सत्राच्या लगेच नंतर घेतली, आणि माझ्या मते खरा लाभ या बदलाचाच झाला. पोटरीचा ताठरपणा अॅशवर्थ श्रेणीत (स्नायूंचा ताठरपणा मोजण्याची पद्धत; आकडा जितका मोठा तितका ताठरपणा जास्त) 3 वरून 2 वर आला. मात्र त्याच सुमारास स्प्लिंटही नवे आले होते, त्यामुळे सारे श्रेय सुयांना देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वॉकर सुटलेला नाही, लाळ गळणे आणि उच्चार यांतही फरक नाही.

या विषयावरचे बरेच अभ्यास लहान आहेत आणि त्यांतील मुलांवर इतर उपचारही चालू असतात, तेव्हा ठाम आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या हव्यात. मुलाला फिट येत असतील तर ते आधी सांगावे, विशेषतः सुयांना विद्युतप्रवाह जोडणार असतील तर. आणि फिटची औषधे कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत.

आता आम्ही आठवड्यातून एकदाच जातो. पुढच्या तपासणीत घोट्याची हालचाल वाढलेली दिसली नाही, तर हा वेळ उभे राहण्याच्या सरावाला द्यायचे ठरवले आहे.