जुन्या फोनवर बॉइंक, आठ महिन्यांनंतर: ती ९० टक्क्यांची अट आधी बदला

बॉइंक म्हणजे रिकाम्या फोनवर किंवा संगणकावर वैज्ञानिक प्रकल्पांची गणितं सोडवून देणारं ॲप. सातव्या महिन्यात फोनचं मागचं झाकण कडेने उचललं गेलं, म्हणजे बॅटरी फुगली. दोष रात्रभर चालणाऱ्या गणिताचा, असं वाटून ॲप काढून टाकायचा विचार होता. नवी बॅटरी टाकून महिनाभर तापमान आणि चार्जिंग पाहिल्यावर मत बदललं. खरी अडचण एका मूळ सेटिंगची आहे.

बॉइंक चार्जर जोडलेला असतानाच चालतं, आणि तेही बॅटरी ९० टक्क्यांवर गेल्यावरच. रोजच्या वापरातल्या फोनला हे ठीक, सकाळी तो भरलेला मिळतो. पण फक्त याच कामाला लावलेल्या फोनला ही अट घातक आहे. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आणि त्यात गरम असली की सगळ्यात लवकर खराब होते; आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठतो. ही अट नेमकी तीच स्थिती रोज आठ-दहा तास टिकवते. बरं, बॅटरी जपायला फोनमध्ये ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावली, तर बॉइंक सुरूच होत नाही, आणि लोक सर्व्हर बंद आहे असं समजतात!

म्हणून फोनची मर्यादा ८०, आणि बॉइंकच्या ॲडव्हान्स्ड प्रेफरन्सेसमध्ये किमान बॅटरी पातळी ६०. ७५-७८ ठेवू नका. काही फोन ८० ला चार्जिंग तोडतात आणि बरेच खाली आल्यावरच पुन्हा घेतात, मग काम सारखं थांबतं.

प्रोसेसरच्या आठ कोअरपैकी (गणित करणाऱ्या भागांपैकी) चारच बॉइंकला द्या. सगळे दिले की फोन तापून स्वतःच वेग उतरवतो. बॅटरी तापमानाची ४० अंशांची मूळ मर्यादा मात्र वाढवू नका. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला दुपारी खोलीच तेवढी तापते, तेव्हा रात्रीच चालवा. कव्हर काढून फोन फरशीवर पालथा, वर पंखा. गादीवर अजिबात नको.

अँड्रॉइडच्या बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून बॉइंक वगळा, नाहीतर ते मागच्या मागे बंद पडतं. आयफोनवर हे चालत नाही.

प्रकल्प आइन्स्टाइन ॲट होम घ्या. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत जोडीदार ताऱ्याभोवती फिरणारे पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारे मृत तारे, शोधायचे असतात. दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली, पण तिच्या नोंदी अजून कामाला येतात. २०१० मध्ये याच प्रकल्पात, अरेसिबोच्याच नोंदींतून, लोकांच्या घरच्या संगणकांनी एक नवा पल्सार शोधला होता. ते आठवलं की फोन कपाटात धूळ खात ठेवणं जिवावर येतं. एकच काम दोन यंत्रांना देऊन उत्तरं जुळवतात, म्हणून क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, उशिरा दिसतं. त्यात बिघाड काही नाही. प्रत्येक कामाची मुदत १४ दिवसांची असते, तेव्हा जुन्या फोनवर आधीच उतरवून घेतलेल्या कामाचा साठा कमीत कमी ठेवा.

वीज रोज दहा तास ५ वॅट धरली तरी महिन्याला दीड युनिट. खर्च विजेचा नाहीच, बॅटरीचा आहे. झाकणाच्या कडेवरून दर आठवड्याला बोट फिरवून बघा; जरा उचललेलं लागलं तर त्याच दिवशी चार्जर काढा.