जोड पाहून निकाल वाचायला लावणारा रकाना : ‘बेसबॉल-रेफरन्स’च्या मायनर लीग विभागाचे परीक्षण

अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेखालच्या मायनर लीगमध्ये घडत असलेल्या होतकरू बेसबॉलपटूंची वाटचाल सांगलीत बसून पाहायची, तर प्रक्षेपणापेक्षा नोंदींवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सायंकाळी सात वाजता सुरू होणारा सामना तेथील उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि पश्चिमेकडचा सामना संपेपर्यंत विश्रामबागेतली कार्यालये उघडलेली असतात. नोंदींवर विसंबणाऱ्या अशा वाचकासाठी ‘बेसबॉल-रेफरन्स’ या संकेतस्थळाचा ‘रजिस्टर’ हा विभाग मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. प्रस्तुत परीक्षण त्याच विभागाचे आहे; इतर सेवांचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

मुळात अशा नोंदवहीची गरज का पडते, हे मायनर लीगची रचना पाहिल्यावर कळते. 2021 मधील फेररचनेनंतर मेजर लीगच्या 30 क्लबांपैकी प्रत्येकाला वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए या चार पायऱ्यांवर एकेक संलग्न संघ मिळाला, म्हणजे एकूण 120 संघ झाले. त्यांच्याखाली ॲरिझोना व फ्लोरिडा येथील नवोदितांच्या लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग आहे. अमेरिकेतील संघांसाठी एका क्लबला हंगामात जास्तीत जास्त 165 मायनर खेळाडू ठेवता येतात, ही 2024 पासूनची मर्यादा धरली तरी सर्व क्लबांचा मिळून आकडा पाच हजारांच्या घरात जातो. त्यांतला एखादा पोरगा महिन्याभरात वरच्या पायरीवर जातो, दुसरा दुखापतीने खाली येतो, तिसरा अदलाबदलीत दुसऱ्याच क्लबकडे जातो. वर्तमानपत्री बातमीतून हा प्रवास हाती लागणे अशक्य आहे.

‘रजिस्टर’मध्ये प्रत्येक खेळाडूसाठी एक पान असते आणि त्यावर वर्षागणिक, संघागणिक स्वतंत्र ओळ असते. एका वर्षात खेळाडू तीन पायऱ्यांवर खेळला असेल, तर तीन ओळी आणि वर त्यांची बेरीज दिसते. संघ, लीग, पायरी आणि कोणत्या मेजर लीग क्लबशी संलग्नता आहे, हे चारही तपशील त्याच ओळीत असल्यामुळे नवख्या वाचकालाही वाट चुकत नाही. मात्र या पानाचे खरे मोल मला एका अरुंद रकान्यात दिसते. वयाच्या आकड्याशेजारी ‘एज-डिफ’ नावाचा रकाना आहे, आणि त्या लीगमधील सरासरी वयापेक्षा हा खेळाडू किती वर्षांनी लहान वा मोठा आहे, ते त्यात उणे-अधिक चिन्हासह दिलेले असते.

सांगली जिल्ह्यातील वाचकाला या रकान्याचे महत्त्व फारसे समजावून सांगावे लागणार नाही. जत्रेच्या मैदानात पोराने कुस्ती मारली असे कोणी सांगितले, की जाणकार आधी जोड कोण होता ते विचारतो, आणि मगच शाबासकी द्यायची की नाही ते ठरवतो. क्रिकेटमधले उदाहरण तर आपल्या गावातलेच आहे. स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात निवडली गेली. तिच्या त्या काळातल्या धावा बाजूला ठेवल्या, तरी निवडीच्या वेळचे वयच पुरेसे बोलके होते. पंचविशीच्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, सिंगल-ए पातळीवर विशीतल्या पोरांना भराभर बाद केले, तर आकडे डोळे दिपवतात. पण त्या ओळीत वयाच्या फरकापुढे अधिक चिन्ह दिसले, की वाचक सावध होतो. उलट एकोणीस वर्षांचा बॅटर डबल-ए मध्ये बेताच्या सरासरीने टिकून राहिला, तर त्याची ओळ पुन्हा एकदा वाचण्याजोगी असते.

बाल्टिमोर ओरिओल्सच्या जॅक्सन हॉलिडे याचे पान या दृष्टीने अवश्य पाहावे. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू 2023 या एकाच वर्षात डेलमार्व्हा, अबर्डीन, बोवी आणि नॉरफोक या ओरिओल्सच्या संलग्न संघांतून चारही पायऱ्या चढला. त्या वर्षीची त्याची एकूण सरासरी .323 (म्हणजे दर हजार अधिकृत संधींमागे 323 हिट, अर्थात बेस गाठून देणारे फटके) होती आणि वय होते 19. ट्रिपल-ए मध्ये त्याच्यासमोर उभे राहणारे बहुतेक पिचर पंचविशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे होते. यानंतर कोणीही त्याचे भविष्य बेधडक वर्तवले असते. प्रत्यक्षात एप्रिल 2024 मध्ये मेजर लीगमध्ये आल्यावर फलंदाजीच्या पहिल्या 34 अधिकृत संधींत त्याला दोनच हिट मिळाले, आणि त्याची रवानगी पुन्हा नॉरफोकला झाली. जुलैच्या अखेरीस तो परतला आणि परतल्या दिवशीच त्याने ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू असताना होमरन (चेंडू थेट मैदानापार धाडणारा फटका), मारला. ‘रजिस्टर’ यावर चकार शब्द काढत नाही, फक्त ओळी मांडत जाते. मला हा अबोलपणा भावतो, कारण होतकरूंविषयी उत्साहाने लिहिणाऱ्यांची वाण नाही.

भारतीय वाचक या विभागात हमखास ज्याचे नाव शोधील, त्या रिंकू सिंग याचेही पान येथे आहे. उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेतून निवड झाली आणि 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने त्यांच्याशी करार केला. दोघे 2009 मध्ये फ्लोरिडातील नवोदितांच्या लीगमध्ये उतरले. पटेल पुढच्या वर्षाअखेरीस बाहेर पडला. डावखुरा रिंकू त्याच्यापेक्षा वर पोहोचला, पण पुढे दुखापतींनी त्याची वाट अडवली. वृत्तपत्रांनी या दोघांच्या कहाणीचा पूर्वार्ध रंगवून सांगितला होता. उत्तरार्ध वाचायचा असेल, तर या पानावरच्या मोजक्या ओळींइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही.

या विभागाच्या मर्यादाही ठळक आहेत. येथील आकडे जसेच्या तसे आहेत. मैदान कोणते, याचा हिशेब वाचकानेच करायचा असतो. पॅसिफिक कोस्ट लीग या ट्रिपल-ए लीगमधील अल्बुकर्कीचे मैदान महाबळेश्वरहूनही अधिक उंचीवर आहे, आणि तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो. त्यामुळे त्या संघातील बॅटरचे होमरन आणि पिचरने दिलेल्या धावा दोन्ही थोडे खाली उतरवूनच वाचावे लागतात. चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून चेंडू सुटण्याचा जोर यांचा येथे पत्ता नसतो. ट्रिपल-ए पुरती ही माहिती 2023 पासून ‘बेसबॉल सॅव्हंट’वर विनामूल्य मिळते, आणि ज्या पिचरची धावांची सरासरी वाईट पण वेग चांगला, त्याच्याबाबतीत तीच अधिक खरी ठरते.

निवड करणाऱ्या जाणकारांचे मत हवे असेल, तर ‘फॅनग्राफ्स’चा ‘द बोर्ड’ पाहावा. तेथे प्रत्येक कौशल्याला 20 ते 80 या परंपरागत मोजपट्टीवर गुण देतात आणि 50 म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू, असे मानतात. ‘एमएलबी पाइपलाइन’ ही लीगचीच सेवा पहिल्या शंभरांची आणि प्रत्येक क्लबच्या तीस जणांची यादी देते. नावे पाठ करायला ती सोपी आहे, पण क्रमांकांना फार चिकटून राहू नये. माइक पियाझा 1988 च्या ड्राफ्टमध्ये 62 व्या फेरीत निवडला गेला आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीत, पोहोचला. आता तर ड्राफ्टच 20 फेऱ्यांत आटोपतो.

‘रजिस्टर’ वापरायला पैसे पडत नाहीत, जाहिराती मात्र सोसाव्या लागतात. रुंद तक्ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आडवे सरकवत वाचणे कष्टाचे आहे, म्हणून संगणकावर पाहावे. इंग्रजी संक्षेपांची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. तथापि शालेय स्पर्धांसाठी बेसबॉल वा सॉफ्टबॉलचा संघ तयार करणाऱ्या आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांनी तेवढे कष्ट घ्यावेत, कारण वयाचा फरक लक्षात घेऊन मुलांची कामगिरी कशी नोंदवावी, याचा नमुना येथे आयताच मिळतो. केवळ ताजा निकाल हवा असेल, त्याने मायनर लीगच्या अधिकृत संकेतस्थळावरील धावफलक पाहावा. चार प्रमुख पायऱ्यांवरचे संघ साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने खेळतात आणि सोमवारी विश्रांती घेतात, म्हणून आपल्याकडे मंगळवारी सकाळी पाहण्यासारखे काही नसते. सप्टेंबरमध्ये हंगाम संपल्यावर ॲरिझोना फॉल लीग ही होतकरूंची शरद ऋतूतली लीग सुरू होते; ‘रजिस्टर’मध्ये तिच्या आणि हिवाळी लीगच्या ओळी दिसतात, त्या उन्हाळ्यातील आकड्यांत मिसळू नयेत.