पायरेक्सची जुनी केकथाळी आणि तिचे दोन कान

पायरेक्सची, म्हणजे ओव्हनची आच सोसणाऱ्या काचेची, ही जुनी, गोल, पारदर्शक केकथाळी हातात घेतली की प्रथम लक्ष जाते ते तिच्या दोन लहान कानांकडे. १९२९ साली पायरेक्स बनवणाऱ्या कॉर्निंग या अमेरिकी कंपनीत रुजू झालेल्या गृहविज्ञानाच्या शिक्षिका ल्युसी मॉल्टबी यांनी आधीच्या थाळ्या ओव्हनमध्ये शेजारीशेजारी मावत नाहीत आणि त्यांना धरायलाही काही नाही, असे स्पष्ट सांगितले, आणि त्यातूनच हा सुटसुटीत आकार घडला. केकचा तळ खरपूस झाला की नाही, हे बाहेरूनच दिसते. धातूच्या भांड्यात ही सोय कुठली? काच मात्र उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून मी आच थोडी कमीच ठेवते. तापलेली थाळी ओल्या ओट्यावर मात्र चुकूनही टेकवू नये. नक्षी नसूनही ती इतकी देखणी आहे की केक दुसऱ्या ताटात काढावासाच वाटत नाही.