गंगापूर रोडवरची दोन दिवसांची संवाद कार्यशाळा: जरूर जा, फक्त हँडआउट मराठीत द्या राव

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, म्हणजे दिवसभर माणसांशी बोलणं हेच काम. बायकोच्या शाळेतल्या ग्रुपवर या ‘अहिंसक संवाद’ कार्यशाळेचा मेसेज आला आणि आम्ही दोघांनी नाव नोंदवलं. शनिवार-रविवार, गंगापूर रोडला एक हॉल, नाश्त्याला मिसळ (रस्सा चांगला होता, पाव कमी पडले). पार्किंगचा मात्र वैताग आहे, टू व्हीलर घेऊनच जा.

ही पद्धत मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. ट्रेनर मॅडमनी सुरुवातीला त्यांची माहिती सांगितली आणि मला ती फार महत्त्वाची वाटली, कारण नाहीतर हे सगळं ‘गोड बोला’ छाप वाटू शकतं. १९३४ चा जन्म, १९४३ मध्ये कुटुंब डेट्रॉइटला राहायला आलं आणि त्याच वर्षी तिथे वांशिक दंगल झाली, ३४ माणसं मेली, हा पोरगा आठ वर्षांचा, घराबाहेर पडायची सोय नाही. मग शाळेत हजेरीला आडनाव ऐकून पोरांना कळलं की हा ज्यू आहे, तर शाळा सुटल्यावर बाहेर गाठून मारलं. १९६१ ला विस्कॉन्सिन विद्यापीठातून क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी केली, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा मोठा प्रभाव, पण माणसावर आजाराचं लेबल चिकटवायचं काम काही त्यांना पटेना. अमेरिकेत काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवायला लागले त्या काळात शाळांमध्ये जाऊन भांडणं सोडवताना ही पद्धत घडत गेली. नावातली अहिंसा गांधीजींच्या अर्थाने घेतलेली. १९८४ ला संस्था काढली, २०१५ मध्ये वारले. बेथलेहेमच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीत, मशिदीत रोझेनबर्ग भाषण करत असताना, हा अमेरिकन आहे म्हणून एक जण उठून ‘खुनी!’ असं ओरडला, तर हे त्याच्याशी वाद न घालता त्याला काय हवंय तेच विचारत राहिले, आणि त्याच माणसाने नंतर रमजानच्या जेवणाला घरी नेलं. हे ऐकताना हॉल एकदम शांत होता.

पद्धत चार पायऱ्यांची: काय घडलं ते सांगा, काय वाटलं ते सांगा, कशाची गरज आहे ते सांगा, मग विनंती करा. कोल्हा आणि जिराफाच्या बाहुल्या वापरतात, कोल्हा दोष देतो आणि जिराफ मोठ्या हृदयाचा. रोझेनबर्ग स्वतःही अशाच बाहुल्या घेऊन शिकवायचे.

पण पैसे वसूल झाले ते दुसऱ्या दिवशीच्या रोल प्लेमध्ये. दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले काका होते, म्हणाले पोरगं ऐकतच नाही. मॅडम म्हणाल्या, “काका, कॅमेरा लावला असता तर त्यात काय दिसलं असतं?” काका थोडं थांबले. “मंगळवारी डिपिंगला बोलावलं, आला नाही.” (डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम.) राग आला का? आला. अजून काय? बराच वेळ काही नाही, मग हळूच म्हणाले, “माझ्यामागं बाग कोण बघणार, याची धास्ती वाटते.” मग विनंती करायला सांगितली तर म्हणे, “आठवड्यातनं दोन दिवस बागेत येत जा.” आणि तो नाही म्हणाला तर? “तर मग बघतोच त्याच्याकडं!” सगळे हसले, काकाही हसले. मॅडम म्हणाल्या, “मग ही विनंती नाही काका, ऑर्डर आहे.” समोरचा ‘नाही’ म्हणाला की आपण काय करतो त्यावरच ते ठरतं. काकांनी परत प्रयत्न केला, “बागेतलं कुठलं काम तुला झेपंल, सांगशील का?” माझ्या मते दोन दिवसांतला हाच सगळ्यात मोलाचा तास, पहिल्या दिवशीचं लेक्चर कमी करून असे रोल प्ले वाढवायला हवेत.

आता तक्रारी. हँडआउट आणि भावनांची यादी पूर्ण इंग्रजीत, काकांसारख्यांनी काय करायचं? माइक सारखा खरखरत होता. आणि मुख्य म्हणजे, जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे तिथे हे कसं वापरायचं, यावर जेमतेम पाच मिनिटं. आमच्याकडचा कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा ‘मला विश्रांतीची गरज आहे’ म्हणेल का साहेबाला? म्हणजे सुरुवात वरच्यानेच करायला पाहिजे, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी त्याचीच आधी हवी, हे मला ठासून ऐकायचं होतं. रोझेनबर्ग यांनी बचावासाठी बळ वापरायला ना केली नव्हती, रस्त्यात धावणारं मूल धरून मागे ओढायचं तर ओढायचं, पण ते शिक्षा म्हणून नको. हाही मुद्दा घाईत उरकला.

जाणार असाल तर घरातलं किंवा कामावरचं खरंखुरं वाक्य घेऊन जा, जे बोलल्यावर भांडण पेटतं असं, काल्पनिक उदाहरणात मजा नाही. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणाले. आमच्या लाइनवरच्या दोन पोरांची फी कंपनी भरेल का म्हणून मी एचआरला विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.