टायमिंग ‘सेट’ करायचे २,५०० आणि न बदललेल्या ईसीएमचे १८,०००

मागच्या डिसेंबरात आईला घेऊन साताऱ्याला निघाले होते. खंबाटकी घाट अर्धा चढला आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागे ट्रकची रांग, आई घाबरलेली. वीस-पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली तर काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली. गरम झाली की बंद, गार झाली की चालू. या खुणेचा अर्थ तेव्हाच कळला असता तर माझे साडेवीस हजार वाचले असते.

पुण्यात परतल्यावर घराजवळच्या गॅरेजात गाडी दाखवली. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर. मेकॅनिक म्हणाला, “मॅडम, टायमिंग आउट झालंय, सेट करावं लागेल.” टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ती वेळ. मला ते लगेच पटलं. बाबांच्या जुन्या मारुती ८००चं टायमिंग मेस्त्री कसं जुळवायचे ते मी लहानपणी पाहिलंय. डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल करून टायमिंग लाइट खुणेवर मारायचे आणि डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवत ती जुळवायचे. त्या आठवणीच्या भरवशावर २,५०० रुपये रोख दिले. तासाभरात गाडी परत मिळाली.

माझ्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाहीच. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल आहे आणि ठिणगी कधी पाडायची ते ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर ठरवतो. क्रँकशाफ्टबरोबर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याबरोबर) दातेरी चाक फिरतं, त्यातली एक जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. क्रँक सेन्सरसमोर ती जागा आली की पिस्टन कुठे आहे ते ईसीएमला कळतं. ३,००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो आणि मिश्रण जळायलाही वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. किती आधी, ते वेग, लोड आणि इंजिनाचं तापमान बघून क्षणोक्षणी नव्याने ठरतं. यात पान्याने फिरवण्यासारखं काहीच नाही. (पिस्टन आणि झडपा यांचा मेळ ठेवणारी टायमिंग चेन सरकणं हा वेगळा बिघाड. पण त्यासाठी इंजिन उघडावं लागतं, ते काम तासाभरात होत नाही.)

आठवड्याने कात्रजच्या चढावर पुन्हा तेच. आता त्याच गॅरेजात “ईसीएमच उडालाय” असं निघालं. नवा ‘ओरिजिनल’ १८,०००. निम्मे रोख, निम्मे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर “जीएसटी वाढेल” म्हणाला. कोरं स्टिकर लावलेला डबा दाखवला आणि मी विश्वास ठेवला. नऊ दिवस गाडी नीट चालली, कारण ऑफिसच्या चार किलोमीटरांत ती तेवढी तापतच नव्हती.

तिसऱ्यांदा बंद पडल्यावर भावाच्या ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्यांनी आधी स्कॅनर लावला. कोड आला पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. मग त्यांनी आरसी मागितली. ईसीएममध्ये नोंदलेला चासी नंबर आरसीशी तंतोतंत जुळला. “ताई, हा तुमच्याच गाडीचा ईसीएम आहे. कुणी बदललेलाच नाही.” खरंच बदलला असता तर इमोबिलायझरसाठी (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चाव्या नव्याने जुळवाव्या लागल्या असत्या. पहिल्याने तर माझी दुसरी चावी मागितलीसुद्धा नव्हती.

काढलेल्या सेन्सरला त्यांनी माझ्यासमोर मीटर लावला. गार असताना रीडिंग बरोबर. हॉट एअर गनने तापवला तर सर्किट ओपन, म्हणजे आतून तुटलेलं. सिग्नल तुटला की पिस्टन कुठे आहे ते ईसीएमला कळत नाही, मग तो ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबवतो. नवा सेन्सर मजुरीसकट १,४०० रुपयांत बसला.

कुणी टायमिंग सेट करतो म्हणाला तर आधी डिस्ट्रिब्युटर दाखवायला सांगा. स्कॅनरवरचा कोड स्वतः बघा, फोटो काढा. गाडी देण्याआधी ईसीएमच्या लेबलचाही फोटो असू द्या आणि काढलेला पार्ट घरी आणा. भिडेपोटी बिल सोडू नका, मी तीच चूक केली.

पहिल्याकडे जाब विचारायला गेले तर “तुम्हीच बाहेर बदलून आणला असेल” म्हणाला. यूपीआयची ९,०००ची नोंद आणि कोडचा फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. रोख दिलेल्या ११,५००चा माझ्याकडे कसलाच पुरावा नाही.