जाम झालेले लॉक नट काढून देणारे सातपूरचे गॅरेज

मॅगव्हील (मिश्रधातूची चाके) असलेल्या पुष्कळ गाड्यांना चोरीपासून संरक्षण म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट बसवलेला असतो. इतर नटांना साधा व्हील पाना लागतो, पण या नटाच्या डोक्यावर नक्षीदार खाच असते आणि त्या खाचेत बसणारी चावी गाडीबरोबर मिळते. ती चावी हरवली किंवा तिच्या कडा तुटल्या, तर स्टेपनी बदलणेही अशक्य होऊन बसते. माझ्या जुन्या घेतलेल्या गाडीची चावी टायर बदलताना एका दुकानात एअर गनखाली (हवेच्या दाबावर ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राखाली) फुटली आणि चारही लॉक नट जागच्या जागी राहिले. ते काढून घेण्यासाठी मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका लहान गॅरेजमध्ये गेलो. नाशिकमध्ये ‘होऊन जाईल’ असे सांगणारे अनेक जण मला भेटले. चाकाला ओरखडा न पाडता हे काम करून देणारे मात्र हेच एक, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट आवडली ती अशी की, मिस्तरींनी पाना हातात घेण्याआधी चावीच्या क्रमांकाची चौकशी केली. “भाऊ, कोडचं कार्ड असेल तर कंपनीकडून नवी चावी मागवा, तोडफोडीची गरजच नाही,” असे त्यांनी स्वतःहून सांगितले. पूर्वीच्या मालकाकडून ते कार्ड मला मिळालेले नव्हते, त्यामुळे तो मार्ग बंद होता. तरीही समोर आलेले काम हातचे जाईल हे ठाऊक असताना दिलेला हा सल्ला मला मोलाचा वाटतो.

दुसऱ्या एका ठिकाणी मला गॅसची ज्योत लावून नट सैल करण्याचे सुचवण्यात आले होते. येथे त्यास स्पष्ट नकार मिळाला आणि कारणही समजावून सांगण्यात आले. मॅगव्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते व जास्त उष्णतेने त्याची ताकद कमी होते. शिवाय हवा भरलेल्या टायरजवळ ज्योत नेणे जिवावर बेतू शकते. नट इतका घट्ट का बसतो, हेही येथेच नीट कळले. बहुतेक लहान गाड्यांच्या नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर जोर पुरतो. एअर गन त्याहून बराच अधिक जोर सहज लावते आणि तिचे ठोके चावीच्या बारीक कडांवर बसतात. त्यात नाशिकचा पावसाळा आणि घाटातला चिखल यांची भर पडली, की पोलादी नट आणि ॲल्युमिनियमची बैठक यांच्यामध्ये ओल राहून दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे होते. गाडी जॅकवर न चढवता, हँडब्रेक ओढून, जमिनीवरच ठेवण्यात आली आणि बाकीचे नट सैल करण्याऐवजी किंचित आवळण्यात आले, कारण ते आधी सोडले असते तर चाकाला दाबून धरण्याचा सगळा ताण एकट्या लॉक नटावर आला असता. गंज सोडवणारे तेल मारून बराच वेळ थांबल्यावर मिस्तरींनी ऑईलच्या रिकाम्या डब्याचे पातळ प्लास्टिक कापून नटाभोवतीच्या खोबणीत गुंडाळून बसवले, जेणेकरून सॉकेटची, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्याच्या तोंडाची, कड चाकाच्या रंगाला लागू नये. मग आतून उलटे पीळ असलेला, नटापेक्षा किंचित लहान मापाचा सॉकेट हातोडीने ठोकून त्यावर चढवला. लांब दांड्याने तो डावीकडे वळवताना पीळ नटाच्या धातूत रुतत गेले, ‘कडक’ असा आवाज झाला आणि त्यानंतर नट सावकाश फिरू लागला. निघालेला नट सॉकेटमध्येच अडकतो. तो शिकंज्यात धरून मागून ठोकून बाहेर काढावा लागतो, आणि अर्थातच पुन्हा वापरता येत नाही.

मागच्या डाव्या चाकाचा नट वेगळ्या बनावटीचा निघाला. त्याच्याभोवती मोकळी फिरणारी कडी असल्यामुळे सॉकेट कडीसकट नुसताच गरगरत राहिला. घाईने जोर न लावता मिस्तरींनी अरुंद छन्नीने ती कडी चिरून वेगळी केली आणि आतल्या गाभ्यावर आणखी लहान सॉकेट बसवला. या एका नटाला उरलेल्या तिन्हींपेक्षा अधिक वेळ लागला, पण स्टडचे (नट ज्यावर फिरतो त्या दांड्याचे) आटे शाबूत राहिले.

नवीन नट लावतानाची शिस्त मला सर्वांत महत्त्वाची वाटली. तारेच्या ब्रशने आटे साफ करून प्रत्येक नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहण्यात आला, मग समोरासमोरचे नट क्रमाने आवळून शेवटी ठरवलेल्या जोराइतकेच आवळण्यासाठीचा टॉर्क पाना लावण्यात आला. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासून घ्या, अशी सूचनाही मिळाली.

उणिवाही आहेत. प्रत्येक नटामागे ३०० रुपये मजुरी मला वाजवी वाटली, परंतु बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. जागा लहान असल्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून ताटकळावे लागते, आणि तेथे मिळणारे साधे नट माझ्या जुन्या नटांच्या चकाकीशी जुळत नाहीत. स्कोडा, फोक्सवॅगन यांसारख्या गाड्यांना नटाऐवजी बोल्ट असतात. त्यांची लांबी आणि बैठकीचा गोलावा अचूक जुळावा लागतो, म्हणून अशा गाडीवाल्यांनी नवे बोल्ट कंपनीच्या दुकानातून आधीच विकत घेऊन जावेत. गाडीचे मॅन्युअलही बरोबर न्यावे, कारण त्यातला आकडा पाहिल्याशिवाय येथे टॉर्क पाना लावला जात नाही.